मोज्यांशिवाय आत येऊ नये

जुनी कॅराव्हॅन दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात स्क्रू साठतात. वाटीत, पेल्यात, फ्रीजवर, माझ्या बांगड्यांच्या डब्यात. फेकवत नाहीत, आणि कुठला कुठे बसायचा हे कुणालाच आठवत नाही. आमचे किस्से तसेच साठलेत. कुणी जेवायला आलं की शिरीष, म्हणजे माझा नवरा, एक काढतो, मी त्याचे तपशील दुरुस्त करते आणि वरण गार होतं. म्हणून आता एकदाचे लिहून टाकते. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. त्यामुळे मला आकडे पक्के आठवतात, आणि कुठल्याही क्षणी काय काय वाईट घडू शकतं तेही!

काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरचा. आम्ही दुबईत करामाला राहायचो. एक बेडरूम, एक बाल्कनी आणि सई नावाची चार वर्षांची मुलगी. ओळखीचे बाकीचे मराठी नवरे शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, क्रिकेट खेळायचे. माझा नवरा गंजक्या कॅराव्हॅन बघत फिरायचा. कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, सिंक, सगळं. तेल कंपन्यांचे गोरे साहेब कधीकाळी ती घेऊन आले आणि जाताना वाळूत टाकून गेले. "क्लासिक आहे गं!" शिरीष म्हणायचा. मला त्या क्लासिकमध्ये विंचू दिसायचे.

*

आमची कॅराव्हॅन मिळाली रास अल खैमाच्या पलीकडे, सिमेंटच्या फॅक्टऱ्यांपाशी. अबू राशिद नावाच्या एका म्हाताऱ्या अरब गृहस्थांनी तिचा शेळ्यांचा गोठा केला होता. तरुणपणी गलबतावरून मुंबईच्या खेपा केल्यामुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. सौदा आठशे दिरहमना ठरला, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपये.

"फुकट!" शिरीष कुजबुजला.

"लेंड्यांसकट?" मी विचारलं.

शेळ्या हाकलल्या, दार बांधलं, मित्राच्या पिकअपला कॅराव्हॅन जोडली आणि आम्ही निघालो. दहाएक मिनिटांत मला आवाज यायला लागला.

"शिरीष, आतून कुणीतरी ओरडतंय."

"जुने सांधे आहेत. कुरकुरणारच."

"सांधे 'बें' करतात?"

"तू ना, काळजी करायला काहीतरी शोधतेस."

हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलेय, त्यामुळे गप्प बसले. तासाभराने उम्म अल कुवैनच्या पेट्रोल पंपावर थांबलो तर पंपावरची माणसं पोट धरून हसत होती. सई मागे वळून म्हणाली, "आई, देअर इज अ लेडी इन अवर विंडो."

खिडकीत एक करडी शेळी. पडद्याची चिंधी चघळत, प्रवास आवडल्यासारखी बाहेर बघत होती!

तासभर उलटे गेलो. अबू राशिदना अजिबात नवल वाटलं नाही. "नूरा है. इसी में पैदा हुआ. तुम इसका घर लेके गया, तो वो भी गया."

मी उगाच विचारलं, "इसको भी बेचेंगे क्या?" त्यांना वाईट वाटलं. "मकान बेचा, मकानवाली थोडी बेचा! लेकिन कभी-कभी घर दिखाने लाना इसको. वादा?"

"इन्शाल्ला," शिरीष म्हणाला. आमच्या घरी इन्शाल्ला म्हणजे 'बघू'. अबू राशिदच्या घरी इन्शाल्ला म्हणजे शब्द दिला.

*

शारजात इंडस्ट्रियल एरियात एक आवार भाड्याने घेऊन काही कॅराव्हॅनवेडे दर शुक्रवारी ठोकाठोकी करायचे. त्यांचे गुरू जेफ्री. साठीचे इंग्रज, शाळेत भूगोल शिकवायचे, आणि तीन कॅराव्हॅन स्वतःच्या हातांनी उभ्या केलेल्या. त्यांच्या शब्दकोशात कौतुकाचा एकच शब्द होता, 'ओरिजिनल'. हँडल ओरिजिनल हवं, काच ओरिजिनल हवी, नवीन खिळा दिसला की त्यांचा चेहरा सुतकी व्हायचा.

आमच्या कॅराव्हॅनमध्ये ओरिजिनल फार काही उरलं नव्हतं. शेळ्यांचा वास मात्र होता. मी फिनाइलने धुतलं, सोडा टाकला, कापूर जाळला. कापराच्या धुराने सईला काही होईल म्हणून तिला पंधरा दिवस आवारात नेलं नाही. शेजारणीने दिलेला बखूर, म्हणजे अरबी सुगंधी धूप, जाळला, तर उंची अत्तर लावलेल्या शेळीचा वास यायला लागला!

त्या दिवशी जेफ्री आत आले, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. शिरीषने माझा हात घट्ट धरला.

"ओरिजिनल," जेफ्री म्हणाले. डोळ्यांत पाणी! "आमच्या लहानपणच्या कॅराव्हॅनला अगदी हाच वास होता."

"तुमच्याकडे शेळ्या होत्या?" मी विचारलं.

"नाही," जेफ्री म्हणाले. "आमच्याबरोबर आत्या असायची."

*

खालची चौकट पार कुजली होती. ती नवी करायला शिरीषने गाठलं अजमानच्या वीरजीभाई मिस्त्रींना. मांडवीचे कच्छी, सात पिढ्या गलबतं बांधणारे. शिरीषने कागदावर मापं दिली. वीरजीभाईंनी कागदात वडे बांधले आणि चौकट गलबतासारखी बांधली! खाली मधोमध कणा, दोन्ही बाजूंना फासळ्या, फटीफटींत तेलात भिजवलेला कापूस ठासलेला. वर सागवानी जमीन. दृष्ट लागावी असं काम.

अडचण एवढीच होती की सिंकच्या पाइपसाठी जमिनीला भोक हवं होतं.

"तले में छेद?" वीरजीभाईंनी पटाशी खाली ठेवली. "सेठ, सात पीढी में हमने तले में छेद नहीं किया."

"वीरजीभाई, ये पानी में नहीं जानेवाली."

"सब ऐसा ही बोलते हैं."

आजतागायत आमच्या सिंकखाली बादली आहे.

*

सागवान उत्तम होतं, पण पॉलिश व्हायच्या आधीच सई त्यावर अनवाणी धावली आणि तिच्या तळपायात कुसळ घुसलं. छोटंसंच. तिने "आउच" म्हटलं आणि विसरली. मला मात्र धनुर्वातापर्यंतचा सगळा रस्ता दिसला. त्या रात्री मी वही काढली आणि यादी सुरू केली.

नियम एक, कॅराव्हॅन चालू असताना आत कुणीही बसायचं नाही, शेळ्यांनीसुद्धा नाही. नियम तीन, एका वेळी मुलं आठच, त्याहून एकही जास्त नाही. नियम चार, गॅसचा सिलिंडर बाहेर. नियम एकोणीस, आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पायात मोजे हवेत. याच्यापुढे मी लाल पेनने लिहिलं, 'अपवाद नाही.' बघता बघता सदतीस नियम झाले. दाराशी मोज्यांची टोपली ठेवली. सईला बाकी छत्तीस नियमांत काडीचा रस नव्हता, पण मोज्यांचा नियम तिने पोलिसासारखा राबवला. जेफ्री सँडल घालून आले तर तिने त्यांना पायरीवरच अडवलं. "अंकल, नो सॉक्स, नो एन्ट्री." जेफ्रींनी निमूटपणे शिरीषचे मोजे चढवले आणि नंतर हळूच मला विचारलं, "हे ओरिजिनल आहेत का?"

आता खरं सांगते. मला ती कॅराव्हॅन नकोच होती. वाळवंटात, त्या पत्र्याच्या डब्यात माझी मुलगी झोपणार या कल्पनेने मला घाम फुटायचा. आणि गिऱ्हाईक तयार होतं! आवारासमोर मोइदीनभाईंची कॅफेटेरिया होती. मूळचे कासरगोडचे. त्यांना समुद्रावर फिरती चहाची टपरी काढायची होती, आणि त्यांचा जीव आमच्या कॅराव्हॅनच्या खिडकीवर जडला होता. चहाचा ट्रे घेऊन यायचे आणि खिशातून टेप काढून खिडकी मोजायचे. "मॅडम, इधर से चाय, इधर से समोसा. परफेक्ट!"

इकडे सईने अख्ख्या के.जी.ला सांगून टाकलं होतं की तिचा पाचवा वाढदिवस चाकांवरच्या घरात होणार. मुलीला नाही म्हणवेना, नवऱ्याला हो म्हणवेना. शेवटी मी अट घातली.

"वाढदिवसाच्या दिवशी यादीतला एक जरी नियम मोडला, तर दुसऱ्या दिवशी कॅराव्हॅन मोइदीनभाईंची."

"आणि नाही मोडला तर?"

"तर मी तिच्याविरुद्ध पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

"हे त्या सदतीस नियमांपेक्षा अवघड आहे तुला," शिरीष म्हणाला. पण त्याने हात पुढे केला.

पंच नेमलं मोइदीनभाईंना. त्यांना मराठी वाचता येईना, म्हणून त्यांनी सगळी यादी माझ्याकडून हिंदीत ऐकून मल्याळममध्ये उतरवून घेतली. एकोणिसाव्या नियमाखाली दोन रेघा मारल्या. "अपवाद नहीं, मॅडम?"

"अजिबात नहीं," मी म्हणाले.

*

पहिल्या प्रवासाआधी पूजा हवीच. आमच्याकडच्या सगळ्या पूजा देवधरकाका सांगायचे. आठवडाभर शिपिंग कंपनीत अकाउंटंट, शुक्रवारी सोवळं. ते आले, कॅराव्हॅनभोवती एक फेरी मारली आणि थबकले.

"अहो, हिची वास्तुशांत करायची की वाहनपूजा?"

दोन तास चर्चा झाली! झोपायचं आत म्हणजे घर. चाकं आहेत म्हणजे वाहन. शेवटी काका म्हणाले, "दोन्ही करू. डबल एंट्री."

वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात ठेवायचा असतो. काकांनी होकायंत्र काढून कोपरा ठरवला, आणि शिरीषच्या तोंडून निघून गेलं, "पण काका, वळण आलं की आग्नेय सिंकखाली जाईल."

काका घामाघूम. मग असं ठरलं की वास्तुपुरुष स्टीलच्या डबीत ठेवायचा, आणि जिथे मुक्काम पडेल तिथे होकायंत्र लावून मी डबी त्या-त्या कोपऱ्यात हलवायची. हा नियम अडतिसावा धरावा का, यावर मी रात्रभर विचार केला. धरला नाही.

वाहनपूजेला चार लिंबं आणली होती. चाकं दोनच! उरलेल्या लिंबांचं सरबत होईपर्यंत वीरजीभाई नारळ घेऊन आले. "नाव पानी में उतारने से पहले नारियल फोडते हैं," त्यांनी बजावलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढच्या टोकावर नारळ फोडला. पत्र्याला पोचा आला तो आलाच.

जेफ्रींनी पोचा कुरवाळला. "आता जरा ओरिजिनल वाटतेय."

*

मग कॅराव्हॅन सरकारी तपासणीला नेली. तपासनीस तरुण, गंभीर, हातात फॉर्म.

"इंजिन नंबर?"

"इंजिन नाहीये," शिरीष म्हणाला.

"स्टीअरिंग?"

"नाहीये."

त्याने दिवे तपासले, ब्रेक तपासले, आणि आत बघायला पायरीवर पाऊल ठेवलं. "अंकल, सॉक्स," सई म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सरकारी बुटांची जोडी पायरीवर होती आणि तपासनीस माझे गुलाबी मोजे घालून आत सिलिंडर शोधत होता.

मग तो खाली वाकला आणि पाच मिनिटं वर आलाच नाही. बाहेर येऊन त्याने सहकाऱ्याला हाक मारली. सहकाऱ्याने तिसऱ्याला. तिसऱ्याचे आजोबा म्हणे मोत्यांच्या गलबतावर नाखवा होते. सहा माणसं आमच्या कॅराव्हॅनखाली आडवी झाली होती आणि खालून "माशाल्ला, माशाल्ला" ऐकू येत होतं. तो नाखव्याचा नातू तर कण्यावर गाल टेकून पडून राहिला!

पास झाली. कागद देताना तपासनीस शिरीषला हळूच म्हणाला, "रस्त्यावर ठीक आहे, हबीबी. पण समुद्रात न्यायची असेल तर परवानगी वेगळी."

*

आणि आला वाढदिवसाचा शुक्रवार. हिवाळ्याचे दिवस. शिरीषने अबू राशिदना दिलेला इन्शाल्ला त्यांनी विसरू दिला नव्हता, म्हणून जागा ठरली त्यांच्या घराजवळचा समुद्रकिनारा. सई आणि तिचे सात मित्रमैत्रिणी, एकूण आठ मुलं, देवधरकाकांच्या व्हॅनमधून आली. जेफ्री स्वतःच्या गाडीने. मोइदीनभाई पराठे, कोंबडी आणि मल्याळम यादी घेऊन. टेपही होती.

सकाळी दहापासून मी मुलं मोजत होते. आठ. आठ. आठ. किनाऱ्यावर आठ, जेवताना आठ. मोइदीनभाई माझ्या मागोमाग एकेका नियमावर बरोबरची खूण करत होते. सिलिंडर बाहेर. खिडकी दोन बोटं उघडी. पाण्याजवळ एक मोठं माणूस. जसजशा खुणा वाढल्या तसा त्यांचा चेहरा पडत गेला. खोटं का बोलू, माझाही.

दुपारी मुलं कॅराव्हॅनमध्ये खेळत होती. मी पाय मोकळे करायला मोजे-चपला काढून वाळूत उभी होते. शिरीष शेजारी येऊन उभा राहिला. आतून हसण्याचा कल्लोळ येत होता. सईचा आवाज सगळ्यांत मोठा. एवढी खळखळून हसताना मी तिला करामातल्या त्या एका बेडरूममध्ये कधी ऐकलं नव्हतं.

"ती सात शुक्रवार मोजत होती," शिरीष म्हणाला.

मला एकदम गलबलून आलं. आणि गलबलून आलं की मी मोजते. दारातून डोकावले. आत मागच्या बाजूला माझ्या जुन्या साडीचा पडदा ओढलेला. पडद्यामागे मुलं लपलेली. खालून फक्त पाय दिसत होते, ओळीने, सगळे मोज्यांत. मी पाय मोजले.

वीस.

पुन्हा मोजले. वीस. वीस भागिले दोन, दहा. एवढं शिक्षण वाया गेलं नव्हतं!

"शिरीष!" मी किंचाळले. "दोन मुलं जास्त आहेत!"

"जास्त?" शिरीष म्हणाला. "आजवर तू कमी असतील म्हणून घाबरायचीस!"

"आपण कुणाची तरी पोरं उचलून आणली! कुणीतरी आई तिकडे टाहो फोडत असेल!"

देवधरकाका धावत आले. दारातून चष्मा सावरत त्यांनी पाय मोजले, मग उजवीकडून डावीकडे उलटे मोजून पडताळले. "वीसच," ते गंभीरपणे म्हणाले. "टॅली होतंय." मोइदीनभाईंनी यादीवर बोट ठेवलं. "मॅडम, नियम तीन. बच्चे आठ. दस नहीं." त्यांचा दुसरा हात टेपकडे गेलाच होता.

मी तशीच आत धावले आणि पडदा ओढला.

आठ मुलं. डोक्यावर कागदी टोप्या. आणि मधोमध, टोपी घालून, केकचा तुकडा चघळत, नूरा. चार पाय, चार मोजे. पुढच्या दोन पायांत शिरीषचे काळे, मागच्या दोन पायांत माझे गुलाबी.

सगळे दारात गोळा झाले. तेवढ्यात मागून अबू राशिद आले, डोकावले, आणि समाधानाने म्हणाले, "हां. घर आ गया."

मोइदीनभाई यादी वरून खाली वाचत गेले, मग खालून वर. सदतीस नियम, शेळीबद्दल एकच, आणि तो कॅराव्हॅन चालू असतानाचा. ही तर उभी होती. मुलं आठच. एकोणिसाव्या नियमाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी नूराच्या पायांकडे पाहिलं आणि लांब उसासा टाकून टेप खिशात घातली.

"आय टोल्ड हर, नो सॉक्स, नो एन्ट्री," सई म्हणाली. "शी नीडेड फोर. नाउ द बास्केट इज एम्प्टी."

मग तिची नजर खाली गेली.

"आई! यू हॅव नो सॉक्स!"

दारातली सगळी डोकी माझ्या पायांकडे वळली. वाळूने माखलेले दोन अनवाणी पाय, वीरजीभाईंच्या सागवानावर मधोमध. मोइदीनभाईंची टेप पुन्हा खिशातून बाहेर आली. शिरीषचा चेहरा पांढरा पडला. अपवाद नाही. माझंच अक्षर, माझंच लाल पेन.

मी सईकडे पाहिलं. मग शांतपणे वळले, सगळ्यांच्या मधून वाट काढत पायरी उतरले, वाळूत दोन्ही पाय घट्ट रोवून उभी राहिले, आणि मोइदीनभाईंच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले,

"मैं अंदर आई ही नहीं थी."